डिफ्रेंशल समजल्याशिवाय खोली नाही

लिहिण्याआधी माफी मागून घेतो. आमच्या घरात कागद घेऊन लिहायला बसणारा मी पहिलाच. आरमोरीच्या पुढे आमचं गाव आहे, आईबाबा धानाची शेती करतात. आमच्याकडे माणसांबद्दल बोलतात पुष्कळ, पण कुणी कुणाबद्दल लिहिलं असं आजवर झालेलं नाही. त्यामुळे कुठं जास्त झालं, कुठं कमी पडलं, हे सांगायला माझ्या पाठीशी कुणी नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते माझे घरमालक आहेत आणि मी अजून त्यांच्याच खोलीत राहतो. तरी लिहितो.

वारलूभाऊंच्या घरी खोली हवी असेल, तर आधी ट्रकचं डिफ्रेंशल समजून घ्यावं लागतं.

हे मी गमतीनं सांगत नाही. चंद्रपूरला रेल्वे फाटकापलीकडे त्यांचं चार खोल्यांचं घर आहे. दोन खोल्यांत ते आणि काकू राहतात, दोन विद्यार्थ्यांना देतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन, गादीची वळकटी खांद्यावर टाकून मी तिथं गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, खानावळीचं काय ते विचारलं नाही. खुर्चीतून न उठता विचारलं ते हे:

"गाडी वळली तं आतलं चाक जास्त फिरते का बाहेरचं?"

मी घाबरून म्हणालो, "दोन्ही सारखीच फिरत असतील."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दया होती.

"गादी ठेव खाली," वारलूभाऊ म्हणाले. "इकडं ये."

अंगणात कडुनिंबाखाली ट्रकचा मागचा अख्खा धुरा दोन दगडांवर ठेवलेला होता. दोन्ही बाजूंना चाकं, मधे लोखंडाचा मोठा गोळा, आणि पुढे फिरवायला एक हँडल. भंगारातून आणून त्यांनी तो स्वतः जोडला होता. गोळ्याची पुढची बाजू कापून उघडी केलेली, म्हणजे आतली दातेरी चाकं दिसावीत. लोकांच्या अंगणात तुळस असते.

"धान चुरायले बैल लावता का नाई तुमच्याकडं?"

"पूर्वी लावायचे."

"मंग मेढीजवळचा, मधल्या खांबाजवळचा बैल काय करते? जागच्या जागी पाय उचलते. अन् कडेचा? कडेचा पळते. दोघायले एकाच चालीनं हाकललं तं काय होईन?"

"दावं तुटेल."

"हां. आता बोलला शेतकऱ्याचा पोट्टा. मघा कोन बोलून राह्यला होता का मालूम."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यानं मागे येते. मागे चाकं दोन. वळणावर एकाला जास्त जायचं असतं, दुसऱ्याला कमी. ती ताकद दोघांत वाटून देणारा आणि तरी ज्याला त्याला आपल्या चालीनं जाऊ देणारा हा मधला गोळा, म्हणजे डिफ्रेंशल. त्यांनी हँडल फिरवलं, दोन्ही चाकं फिरू लागली.

"आता उजवं चाक धर."

मी धरलं. डावं चाक दुप्पट वेगानं फिरू लागलं.

"पाह्यलं? आता समज, तू धरलेलं चाक टनक जमिनीवर हाये अन् हे नाचून राह्यलं ते चिखलात हाये. इंजीन कितीबी बोंबलू दे, गाडी हालत नाई. काऊन? काऊन का हे डिफ्रेंशल दोघायले सारखीच ताकद देते. चिखलातल्याले फिरायले किती लागते? चिमूटभर. मंग टनक जमिनीवरच्यालेबी चिमूटभरच. पूर्ण सरकारी न्याय हाये."

मग त्यांनी बाजूचा एक लहान दांडा ढकलला. आत 'खट्ट' असा आवाज झाला. याला लॉक म्हणतात. ट्रकमध्ये हे काम ड्रायव्हरपुढचं बटण आणि हवेचा दाब करतात. आतली एक दातेरी कडी सरकते आणि दोन्ही चाकं जणू एकाच दांड्याला बांधली जातात. मग चिखलातल्या चाकाला एकट्यानं नाचता येत नाही. ते फिरेल तर दुसरंही फिरेल. मी पुन्हा उजवं चाक धरून ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडलवर जोर दिला, तेव्हा ते चाक मला घेऊन फिरलं आणि मी मातीत बसलो.

"आता समजलं," ते म्हणाले. "मातीत बसल्याबिगर कोनाले समजत नाई."

तरी एवढ्यावर सुटका नव्हती. लॉक कधी टाकायचा, कधी नाही, हे राहिलंच होतं. "चाक गरगरून राह्यलं असतानी टाकशीन तं दात तुटतीन. थांबायचं, टाकायचं, हळू निघायचं, सरळ निघायचं. अन् डांबर लागलं का पयले लॉक काढायचा. चिखल चाकाले घसरू देते, डांबर सोडत नाई. वळनावर बाहेरचं चाक म्हनते मले जाऊ दे, आतलं म्हनते मी येत नाई. मंग पीळ कोनाले बसते? एक्सलले, चाकाच्या दांड्याले. मंग एक्सल तुटते."

असं म्हणून त्यांनी मला भिंतीजवळ नेलं. तिथं मनगटाएवढ्या जाड लोखंडी दांड्याचे दोन तुकडे उभे होते, तेल लावून चकचकीत ठेवलेले.

"हा डुंगानं तोडला," ते म्हणाले. "अठरा वर्स माझ्यासंगं गाडीवर होता. भामरागडच्या जंगलातून बांबू आनत होतो आमी. एक दिवस तो चालवे, एक दिवस मी. अठरा वर्स सांगितलं, चाक फिरत असतानी लॉक टाकू नोको. नदीच्या रेतीत टाकला. खलास. जंगली मानसाच्या हाती गाडी देली तं असंच होते."

मग त्यांनी मला खोलीची चाबी दिली.

पुढच्या दीड वर्षात हे प्रवचन मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेन. गॅसची टाकी आणणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, गणपतीची वर्गणी मागणारी मुलं, कुणी सुटलं नाही. उमेदवार मातीत बसला नाही, पण वाकला होता. शेवट ठरलेला असायचा. भिंतीजवळ जायचं, तुकडे दाखवायचे, "हा डुंगानं तोडला" म्हणायचं, आणि त्यानंतर ते जंगली माणसाचं वाक्य.

काकूंना यात काही नवीन नव्हतं. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आमच्या लग्नात माह्या भावाले मांडवात बसवून हेच सांगितलं यायनं. भाऊ अजून येत नाई घरी."

"त्याले समजलं नव्हतं," वारलूभाऊ म्हणायचे.

"त्याले जेवायचं होतं."

जगातल्या बाकी ड्रायव्हरांविषयी त्यांचं मत एका वाक्यात होतं: "ड्रायव्हर नाई हो ते, नुसते बसलेले हायेत." त्यांचा एक पुतण्या मोहर्लीला सफारीची गाडी चालवतो. तो एकदा आला आणि म्हणाला, "काका, आता सगळं आपोआप होते, गाडीलेच समजते." वारलूभाऊंनी त्याला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही. "गाडीले समजते तं तू कायले जाते? दिवसभर वाघ पाह्यते अन् रस्ता पाह्यत नाई." माझ्या फिजिक्सच्या सरांचीही त्यांनी एका प्रश्नात वासलात लावली. "तुमचे सर कधी चिखलात फसले होते का?" मी म्हणालो, माहीत नाही. "मंग ते शिकवतात कायच्या भरोशावर?"

एकदा आमच्या प्रकल्पाचं रडगाणं मी काकूंना सांगत होतो. चौघांचा गट, त्यात एक जण काहीच करत नव्हता, आणि त्याचं पाहून बाकीचे आम्ही तिघंही बसून राहिलो होतो. वारलूभाऊंनी आतून ऐकलं. "उघडं डिफ्रेंशल हाये तुमचं. जो घसरून राह्यला त्याच्याएवढंच सगळ्यायचं काम. लॉक टाका त्याले."

"माणसाला लॉक कसा टाकायचा, भाऊ?"

"त्याच्या घरी जाऊन बसा तिघंबी. उठू नोका."

आम्ही तसंच केलं. प्रकल्प चार दिवसांत झाला. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते हास्यास्पद वाटायचे. मी इंग्रजी पुस्तकातून शिकणारा, आणि हा माणूस सबंध आयुष्यातून एक लोखंडी गोळा घेऊन आलेला. वसतिगृहातल्या मित्रांपुढे मी त्यांची नक्कल करायचो. "गाडी वळली तं" पासून सुरू करून थेट भिंतीजवळच्या तुकड्यांपर्यंत, डुंगापर्यंत, जंगली माणसापर्यंत. मुलं लोटपोट व्हायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस पडला आणि आमच्या गल्लीत मुरूम घेऊन आलेला एक टिप्पर फसला. मागचं डावं चाक नालीच्या कडेच्या चिखलात, उजवं बऱ्या जमिनीवर. ड्रायव्हर तरुण होता, काळा चष्मा लावलेला. तो रेस देत होता आणि डावं चाक लोकांच्या भिंतींवर चिखल उडवत होतं.

वारलूभाऊंनी घराच्या फाटकाशी खुर्ची मांडली आणि काकूंना चहा सांगितला.

"दाब. अजून दाब. पानी लागलं तं गल्लीले विहीर होईन."

"आजोबा, तुमी चहा प्या ना."

"पिऊनच राह्यलो बाप्पा. तू खोद."

गल्लीतले लोक हसत होते, मीही हसत होतो. मग ड्रायव्हरला काहीतरी आठवलं असावं. चाक तसंच गरगरत असताना त्याचा हात पुढच्या बटणाकडे गेला. वारलूभाऊंनी कप खाली ठेवला आणि हात वर करून उठले.

"हात काढ तिथून. हात काढ म्हनलं ना. पयले चाक थांबू दे."

मग त्यांनी त्याला सगळं करायला लावलं. रेस सोड. थांब. आता टाक लॉक. पयला गेर. हळू. स्टेरिंग सरळ ठेव, वळवू नोको. टिप्पर एकदा हलला, कण्हला आणि म्हातारी म्हैस उठावी तसा चिखलातून उठून बाहेर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून हात केला, मोठ्या रस्त्याला लागला आणि डांबरावर डावीकडे वळला. वळताना मागची चाकं किंचाळली.

"लॉक काढला नाई त्यानं," वारलूभाऊ म्हणाले.

आणि ते धावत सुटले. सत्तरीचा माणूस, अनवाणी, एका हातानं लुंगी धरून, "लॉक काढ, लॉक काढ" म्हणत टिप्परच्या मागे. गल्ली हसून हसून बेजार झाली. मी त्यांच्या मागे गेलो, थोडं काळजीनं, थोडं पुढं मित्रांना सांगता यावं म्हणून. रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून टिप्पर सापडला. मी पोहोचलो तेव्हा ते केबिनचं दार धरून उभे होते. आता त्या पोराची चांगलीच खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण ते धापा टाकत म्हणत होते, "काढ बाप्पा. हात जोडतो तुले. काढ."

त्यानं काढला. आगगाडी जाऊन फाटक उघडलं, टिप्पर निघून गेला. वारलूभाऊ बराच वेळ फाटकाजवळच्या दगडावर बसून होते. त्यांना हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी भिंतीजवळचे ते तुकडे प्रथमच नीट पाहिले. पन्नास वेळा दाखवले गेलेले, पण पाहिले नव्हते. जिथं दांडा तुटला होता, तिथं दोन रंग होते. कडेला चंद्रकोरीसारखा एक भाग काळपट आणि गुळगुळीत, बाकीचा खरबरीत आणि उजळ. दर रविवारी तेल लागत असल्यानं गंज चढलेला नव्हता, फरक स्पष्ट दिसत होता. आमच्या प्रात्यक्षिकात आम्ही तारा तोडल्या होत्या, त्यावरून मला एक शंका आली आणि मी ती अगदी साधेपणानं विचारली.

"भाऊ, एका झटक्यात तुटला असता तर सगळा एकसारखाच दिसला असता ना? ही कड काळी आहे. म्हणजे तुटायच्या आधीच चीर गेली होती का?"

वारलूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तुले परीक्षा नाई का?" असं म्हणून ते आत गेले.

पुढचे पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एक नवा मुलगा खोली विचारायला आला, तर त्याला काही न विचारता त्यांनी चाबी देऊन टाकली. तेव्हा मात्र काकू घाबरल्या. "डॉक्टरले बोलवू का?" त्या मला हळूच म्हणाल्या. "यायले लकवा मारला होता, तवाबी एवढं नव्हतं झालं."

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला कडुनिंबाखाली बोलावलं.

"चीर होती," ते म्हणाले. "आदल्या दिवशी गाडी माह्याजवळ होती. जंगलातून भरून निघालो, चिखलात लॉक टाकला, डांबराले लागलो. केबिनमध्ये एक फॉरेस्टगार्ड बसला होता. तो बोलला, हे बटन कायचं? मी सांगत बसलो. आलापल्लीपर्यंत सांगत आलो. डांबर लागल्यावर लोक लॉक काढायले विसरतात, तेच सांगून राह्यलो होतो त्याले. उतरलो तं पाह्यलं, बटन दबलेलंच."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"भरलेली गाडी, सगळे मोड घेत आनली तशी. रात्री ताप आला मले. सकाळी डुंगा गाडी घेऊन गेला. त्याले सांगायचं होतं मी. नाई सांगितलं. नदीच्या रेतीत एक्सल तुटला, वरून पानी आलं, गाडी मालासकट दोन दिवस पान्यात राह्यली. गाडीच्या मालकानं सगळ्यायपुढं विचारलं, कोनं तोडला. मी बोललो, डुंगानं. अन् वरून..."

पुढचं ते बोलले नाहीत. मला ते पाठ होतं.

"डुंगाभाऊ काय म्हणाले?"

"काईच नाई. चाबी टेबलावर ठेवली अन् गेला. अकरा वर्स झाले. हे तुकडे मी कायले ठेवले का मालूम. लोकायले दाखवत गेलो, त्यानं तोडला म्हनत गेलो. हजार डाव म्हनलं तं खरं होईन, असं वाटलं असन."

डुंगाभाऊ माडिया आदिवासी, त्यांचं गाव भामरागडच्या पलीकडे, नदी ओलांडून. माझ्या वर्गात मैनी नावाची एक माडिया मुलगी आहे, तिचं गाव त्याच्याच शेजारी. तीही आपल्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच, त्यामुळे पहिल्या वर्षापासून आम्ही दोघं एकाच भीतीनं तिसऱ्या बाकावर बसत आलो. उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी जाणार होती. हे मी सांगताच वारलूभाऊ म्हणाले, "तू लिहितो ना बे? कालेजात हाये. घे कागद."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तीन पानं झाली. कुठं चिखल लागला, कुठं लॉक टाकला, डांबर कुठं सुरू झालं, किती वळणं आली, पीळ कसा बसला, चीर कशी गेली. आकृतीही काढायला लावली, बाणांसकट.

"भाऊ, त्यांनी अठरा वर्षं ट्रक चालवला आहे. त्यांना डिफ्रेंशल माहीत आहे."

"माहीत असन. पन चूक कुठी झाली ते नीट समजलं पाह्यजे त्याले."

शेवटी 'एक्सल तू नाही, मी तोडला' असं लिहून त्यांनी सही केली. मला ते पत्र फार चांगलं झालं आहे असं वाटलं. मैनीनं ते पिशवीत ठेवलं आणि ती गेली.

ती परतली ती जूनच्या शेवटी, कॉलेज सुरू होताना. बसमधून उतरून आधी आमच्याच अंगणात आली. वारलूभाऊ खुर्चीत ताठ बसले. काकू पाट घेऊन आल्या, पण मैनी उभीच राहिली.

"डुंगाकाका भेटले. मोहाच्या झाडाखाली बसून वाचलं. मी वाचून राह्यली होती, गावातले बाकीचे जमले तं त्यायले माडियात सांगत होती. तिन्ही पानं वाचली."

"मंग?"

"ते बोलले, एक्सलचं मले त्याच दिवशी माहीत होतं. सकाळी टायर पाह्यले, घासले होते. कडेले रबराची भुकटी होती. डांबरावर लॉक टाकून आनली हे कळलं. पन बांबूच्या डेपोवाल्यानं घाई लावली होती, नदीले पानी यायचं होतं. मीच म्हनलं, जाईन निघून. एक्सल काय, लोखंड हाये, तुटते."

वारलूभाऊंनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. काकू म्हणाल्या, "मोठ्या मनाचा मानूस हो."

"अजून हाये," मैनी म्हणाली. "त्यायनं विचारलं, मले सगळ्यायपुढं जंगली म्हनला होता, ते कोनत्या पानावर हाये? मी तिन्ही पानं परत पाह्यली. नव्हतं."

तीन पानं माझ्या अक्षरात होती. बाण मी काढले होते. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकला होता, नकलेत स्वतः उच्चारला होता, आणि पत्र लिहिताना तो मला एकदाही आठवला नाही. मैनी तेव्हा माझ्या बाकावर शेजारी बसत होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"चहा घे ना बाई," काकू म्हणाल्या.

"उद्या घेईन," मैनी म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी वारलूभाऊंनी पोस्टकार्ड आणलं. मला बोलावलं नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सबंध दुपार त्या कार्डावर वाकून बसला होता. संध्याकाळी मैनी आली तेव्हा त्यांनी ते तिच्या हातात दिलं. "वाच. तुले बरोबर वाटलं तंच पाठव." तिनं वाचलं, एकदा मान हलवली आणि कार्ड वहीत ठेवलं. त्यात काय होतं ते तिनं मला नंतर सांगितलं: 'तुले जंगली म्हनलो. सगळ्यायपुढं म्हनलो, अन् नंतरबी म्हनत राह्यलो. माफ कर असं लिहीत नाई. चुकलो असं लिहितो.'

तिच्या गावाकडचा एक माणूस दवाखान्याच्या कामाला आला होता, त्याच्याजवळ तिनं ते कार्ड दिलं. आठवडाभरात पावसानं जोर धरला आणि भामरागडची वाट बंद झाली. त्या बाजूला हे दरवर्षी होतं, पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं पलीकडेच राहतात. ना बस, ना फोन. कार्ड घेऊन गेलेला माणूस अलीकडे अडकला की पलीकडे पोहोचला, हेही कळेना.

रोज सकाळी वारलूभाऊ माझ्या दाराशी यायचे. "पूल पाह्य." मी मोबाईलवर बातमी शोधायचो. "पाण्याखाली आहे, भाऊ." मग ते नदीला नावं ठेवत परत जायचे. "यंदा जास्तच माजली. काई काम ना धंदा." पूर ओसरला असं दोनदा वाटलं, दोनदा पुन्हा आला. पोळा गेला, गणपती गेले. वर्गणीची मुलं आली तेव्हा त्यांनी चाकं फिरवून दाखवली, लॉकही टाकून दाखवला, मुलांना मातीत बसवलं. भिंतीकडे मात्र कुणाला नेलं नाही. मुलांना काही कमी झालं असं वाटलं नाही. काकूंनी निवडण्याचं सूप खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, तेवढंच.

दसरा झाला. वाट उघडल्याची बातमी मी त्यांना दिली, तेव्हा ते "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. वाट बंद होती तोवर दोष नदीचा होता. आता ती उघडली होती आणि तरी काही येत नव्हतं. दिवाळीला मी गावी गेलो नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मैनी आली. वारलूभाऊ अंगणात पाणी शिंपत होते. तिला पाहून ते बादली हातात धरूनच उभे राहिले.

"निरोप आला," ती म्हणाली. "कार्ड पोहोचलं. डुंगाकाकानं दोन डाव वाचायले लावलं."

"बोल."

"धान कापायले आलं हाये. पोरं कामाले बाहेर गेले, मानसं कमी पडून राह्यले. ते म्हनले, वारलूले म्हना येऊन जाय. विळा आनू नोको, घरी दोन हायेत."